मे-जूनच्या लाटेचा हिशेब जानेवारीच्या बर्फात

प्रश्न असा आला आहे: "५ जुलै २०२५ ला श्रीनगरमध्ये ३७.४ अंश तापमान नोंदलं गेलं. थंड हवेच्या ठिकाणी हे कसं होतं? हवामान बदलामुळे होतं, की डोंगरातही अधूनमधून असं व्हायचंच? पुढच्या जूनमध्ये आईवडिलांना घेऊन काश्मीर आणि लडाखला जायचं आहे. काय बघून ठरवावं?"

आधी थोडक्यात उत्तर. उष्णतेची लाट डोंगराला नवी नाही. श्रीनगरचा उच्चांक ३८.३ अंशांचा आहे आणि तो १० जुलै १९४६ चा आहे. त्यामुळे एका दिवसाचा आकडा दाखवून "बघा, हवामान बदललं" म्हणणं मला पटत नाही. बदल दुसरीकडे झाला आहे. लाट लवकर येऊ लागली आहे, जास्त उंचीपर्यंत पोहोचू लागली आहे, रात्रीही पुरेशी उतरत नाही, आणि मुख्य म्हणजे तिला अडवणारा बर्फ बऱ्याच वर्षी ती येण्याआधीच निघून गेलेला असतो. हिमालयाच्या हवामानाच्या आणि बर्फाच्या नोंदींवर मी अनेक वर्षं काम करतो आहे. उन्हाळा कसा जाईल याचा अंदाज घ्यायचा असेल तर मी मार्चचं तापमान नंतर बघतो. आधी जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ किती पडला ते बघतो. असं का, ते सविस्तर सांगतो.

सुरुवात व्याख्येपासून करू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार लाटेचा विचार करायला मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश असावं लागतं. ती पायरी ओलांडली की मग त्या ठिकाणच्या त्या दिवसांतल्या सरासरीशी तुलना होते. ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. शिवाय एका हवामान उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे दिसलं, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. श्रीनगर साधारण १,५८५ मीटरवर आहे आणि जुलैच्या सुरुवातीला तिथलं सरासरी कमाल तापमान ३० च्या आसपास असतं. म्हणजे ५ जुलै २०२५ ला पारा सरासरीच्या सुमारे सात अंश वर होता. नागपूरकराला ३७ अंश म्हणजे मार्चमधली सौम्य दुपार वाटेल. श्रीनगरच्या माणसाला, घराला आणि बागेला तो १९५३ नंतरचा जुलैमधला सर्वांत तापलेला दिवस होता.

या निकषाबद्दल माझी एक तक्रार आहे. ३० अंशांची पायरी शिमला, श्रीनगर, महाबळेश्वर अशा ठिकाणांना ठीक लागू पडते. पण ४,००० मीटरवर, जिथे हिमनदीचं मुख असतं, तिथे पारा कधीच ३० ला जाणार नाही. तिथे मे महिन्यात दुपारी पाच अंशांऐवजी बारा अंश झाले तर ती भयंकर गोष्ट आहे, पण कागदावर ती लाट ठरत नाही, इशारा निघत नाही आणि बातमीही होत नाही. डोंगरातली सर्वांत घातक उष्णता अशी तीसच्या खालीच राहते.

आता मूळ यंत्रणा. डोंगरात लाट येते ती मैदानासारखीच, वरच्या हवेतल्या जास्त दाबामुळे. वातावरणाच्या वरच्या थरात जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला की हवा खाली उतरत राहते. कोरडी हवा हजार मीटर खाली आली की जवळजवळ दहा अंशांनी तापते. ढग बनत नाहीत, ऊन थेट जमिनीवर पडतं आणि वारा मंदावतो. पश्चिम हिमालयात हिवाळा आणि वसंतात हा पट्टा मोडून काढायचं काम पश्चिमी विक्षोभ करतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या प्रणाली पाऊस आणि बर्फ घेऊन येतात. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांनी जवळजवळ पाठ फिरवली. देशात त्या महिन्यात सरासरीच्या ७१ टक्के कमी पाऊस झाला आणि १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. मैदानातला गहू करपला ते सगळ्यांना आठवतं. वरच्या खोऱ्यांमध्ये त्याच काळात बर्फ कित्येक आठवडे आधी उतरला, त्याची चर्चा फार झाली नाही.

इथे हवामान बदलाचा वाटा कसा ठरवतात हे सांगायला हवं. शास्त्रज्ञ दोन जगांची तुलना करतात: आजचं, सुमारे सव्वा अंशाने तापलेलं जग आणि कारखाने, कोळसा, तेल यांच्या आधीचं जग. दोन्हींमध्ये तशीच लाट किती वेळा येईल, हे नोंदी आणि प्रारूपं वापरून मोजलं जातं. २०२२ च्या मार्च-एप्रिलच्या भारत-पाकिस्तानमधल्या लाटेबद्दल असा अभ्यास झाला. तापमानवाढीमुळे तशी लाट येण्याची शक्यता सुमारे तीस पट वाढली होती आणि ती सुमारे एका अंशाने जास्त तीव्र होती, असा त्याचा निष्कर्ष होता. दाबाचा पट्टा नैसर्गिक असू शकतो, एल निनोसारख्या घटकांचा हात असू शकतो. पण तो पट्टा आता आधीच तापलेल्या हवेवर बसतो.

हे झालं सगळीकडे लागू होणारं. डोंगराचं स्वतःचं असं काय, तर बर्फ.

शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवून शून्य अंशाचंच पाणी करायला जितकी ऊर्जा लागते, तितक्या ऊर्जेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येतं. हा आकडा नीट डोळ्यांसमोर ठेवा. उतारावर हातभर बर्फ असेल तोवर उन्हाची मोठी मात्रा त्याला वितळवण्यात खर्च होते आणि हवा तापवायला फारसं काही उरत नाही. त्यात ताजा बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो. जुना, मळलेला बर्फ साधारण निम्मं फेकतो आणि उघडी जमीन किंवा खडक फार तर वीस-पंचवीस टक्के. म्हणजे बर्फ गेला की एकाच उतारावर एकाच उन्हात शोषली जाणारी ऊर्जा तीन-चार पट, कधी त्याहूनही जास्त होते आणि ती सगळी हवेला तापवायला मोकळी असते. बर्फ वितळून गेल्यावर काही आठवडे जमिनीतला ओलावा हेच काम करतो. माठ पाझरतो तोवरच पाणी गार राहतं, तसं ओली जमीन बाष्प सोडते तोवर दुपार सुसह्य राहते. बर्फ कमी पडला तर हा ओलावाही एप्रिलमध्येच संपतो. मग मेमध्ये जास्त दाबाचा पट्टा आला की त्याच्यापुढे ना बर्फ, ना ओल.

म्हणून मी म्हणतो की मे-जूनच्या लाटेची तीव्रता बरीचशी हिवाळ्यातच ठरून जाते. आणि हवामान बदल हिवाळ्यावरच सर्वांत जोरात घाव घालतो आहे. हिवाळ्यातलं किमान तापमान वाढतं आहे. जो पश्चिमी विक्षोभ पूर्वी २,००० मीटरवर बर्फ टाकायचा, तोच आता तिथे पाऊस टाकून जातो. पावसाचं पाणी त्याच दिवशी ओढ्याला लागतं. बर्फ मात्र महिनोन्‌महिने उतारावर थांबून राहिला असता.

हिमालयातला हिमआच्छादनाचा आढावा काठमांडूची इसिमोड ही संस्था दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२४ च्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ जमिनीवर टिकून राहण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा १८.५ टक्के कमी होतं. २०२५ मध्ये ते २३.६ टक्के कमी होतं. तेवीस वर्षांतला तो नीचांक होता आणि सरासरीखालचं ते सलग तिसरं वर्ष होतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालात नोंद आहे की १९५१ ते २०१४ या काळात हिंदुकुश-हिमालय सुमारे १.३ अंशांनी तापला. त्याच अहवालाप्रमाणे देशाची सरासरी १९०१ ते २०१८ या त्याहून बऱ्याच लांब काळात सुमारे ०.७ अंशाने वाढली. जगभरच्या पर्वतांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक पॅनलच्या (आयपीसीसी) २०१९ च्या अहवालात आल्प्स, पश्चिम उत्तर अमेरिका आणि आशियातल्या उंच पर्वतांसाठी दशकाला साधारण ०.३ अंश वाढ दिली आहे, जगाच्या सरासरीसाठी ०.२. डोंगर जास्त वेगाने का तापतो? बर्फ निघून जाणं हे एक मोठं कारण झालं. दुसरं कारण थोडं पुस्तकी आहे, पण खरं आहे. थंड पृष्ठभाग उष्णता कमी वेगाने बाहेर टाकतो. त्यामुळे समान जादा ऊर्जा मिळाली तर उणे २० अंशांचा पृष्ठभाग ३० अंशांच्या पृष्ठभागापेक्षा दीडपटीहून जास्त तापतो, तेव्हा कुठे हिशेब जुळतो. तिसरं म्हणजे वरची हवा कोरडी असते. तिच्यात बाष्प थोडं जरी वाढलं तरी रात्री उष्णता आकाशात निसटून जाणं लक्षात येण्याइतकं कमी होतं. चौथं आपल्याच दारातलं आहे. गंगेच्या मैदानातला धूर, विटभट्ट्यांची आणि डिझेलची काजळी, थरच्या बाजूची धूळ हे सगळं मार्च ते मेमध्ये वाऱ्यावर चढून हिमालयाच्या बर्फावर बसतं. काळवंडलेला बर्फ जास्त ऊन पितो.

हे सगळं सरसकट समजू नका. ३,००० मीटरच्या वर मोजणी केंद्रं मोजकी आहेत आणि जी आहेत ती बहुतेक दऱ्यांमध्ये आहेत, उतारांवर आणि माथ्यांवर नाहीत. काराकोरमच्या काही भागांत तर हिवाळी बर्फ वाढल्याचंही दिसलं आहे आणि तिथल्या हिमनद्या बराच काळ टिकून राहिल्या. हिमालय म्हणजे एकसंध तुकडा नव्हे. सिक्कीममधला अनुभव स्पितीला लावता येत नाही.

आता २०२४ चं वर्ष बघा. पश्चिम हिमालयात ते वर्ष कसं उलगडलं यातून बरंच समजतं. जानेवारीत गुलमर्गच्या स्कीइंगच्या उतारांवर बर्फाऐवजी वाळलेलं पिवळं गवत दिसत होतं. त्या महिन्याच्या अखेरीला कुठे बर्फ पडायला सुरुवात झाली. डिसेंबर-जानेवारी हा काश्मिरात 'चिल्लई कलान'चा, म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांचा काळ. या दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उशिरापर्यंत टिकतो. फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये तेवढाच बर्फ पडला तरी तो तसा जमत नाही, कारण ऊन चढलेलं असतं. बेरजेत महिना भरून निघतो, जमिनीवर मात्र भरून निघत नाही.

मग एप्रिलमध्ये उत्तराखंड पेटलं. नैनितालच्या आजूबाजूच्या जंगलांतले वणवे विझवायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर तलावातून बादलीने पाणी उचलत होतं. कुमाऊंमधल्या चीडच्या जंगलात एकदा एप्रिलमध्ये चाला म्हणजे वणवा का पसरतो ते पायालाच कळेल. चीडच्या सुईसारख्या पानांना तिथे पिरूल म्हणतात. पिरूलचा थर घोट्यापर्यंत असतो, त्यावरून पाय घसरतो आणि त्यात राळ असते. हिवाळ्यात पाऊस-बर्फ झाला की खालचा थर ओला राहतो, कुजतो. झाला नाही तर वरपासून खालपर्यंत सगळं कोरडं राहतं. काडी बहुतेक वेळा माणसाचीच असते: गवत चांगलं यावं म्हणून लावलेली आग, फेकलेली बिडी, जाणूनबुजून केलेला खोडसाळपणा. हवामान काडी लावत नाही. पण लागलेली काडी विझते की डोंगर चढते, हे मात्र तेच ठरवतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन सरळ पडतं आणि दुपारी दरीतला वारा वर चढतो, तेव्हा आग माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने वर जाते. १३ जून २०२४ ला अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी मृत्युमुखी पडले. मे अखेरीपासून त्या भागात उष्णतेची लाट होती, देहरादूनमध्ये पारा ४३ च्या आसपास गेला होता. या माणसांचे मृत्यू उष्णतेच्या बळींच्या यादीत लागत नाहीत. माझ्या मते लागायला हवेत.

जुलै अखेरीला श्रीनगरमध्ये ३६.२ अंश नोंदले गेले, पंचवीस वर्षांतलं जुलैचं सर्वाधिक तापमान. प्राथमिकच्या शाळा दोन दिवस बंद ठेवल्या गेल्या. त्याच आठवड्यात लेहची काही उड्डाणं उष्णतेमुळे रद्द झाली. लेहचा विमानतळ सव्वातीन हजार मीटरवर आहे. तिथली हवा मुळातच समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के घनतेची असते, आणि तापमान तीन अंश वाढलं की घनता आणखी साधारण एक टक्क्याने उतरते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि धावपट्टी अपुरी ठरते.

इथे मला माझ्याच मुद्द्याला मर्यादा घालायला हवी. जुलैच्या लाटेला जानेवारीचा बर्फ तितकासा जबाबदार धरता येत नाही, कारण तोवर दरीतला बर्फ तसाही गेलेला असतो. जुलैमध्ये मोसमी पावसाची कमजोरी आणि वरच्या हवेतला जास्त दाब यांचा वाटा मोठा असतो. २०२४ ला तर एल निनोचा ओसरता काळ होता आणि ते वर्ष जगभरात तोवरचं सर्वांत उष्ण ठरलं. बर्फाचा हिशेब मार्च ते जून या काळात, आणि ३,००० मीटरच्या वर जुलैतही, चालतो.

आता वरच्या पट्ट्याकडे, जिथे माझा जास्त वेळ गेला आहे. तिथे बघायची गोष्ट म्हणजे शून्य अंशाची पातळी, म्हणजे हवेतली ती उंची जिच्या वर तापमान शून्याखाली असतं. साधारण हजार मीटरला साडेसहा अंश हा घसरणीचा दर धरला तर तापमान एक अंशाने वाढलं की ही पातळी सुमारे १५० मीटर वर सरकते. सात अंशांची लाट म्हणजे हजार मीटर. हिमनदीचा मधला सगळा भाग, जो एरवी त्या दिवसांत गोठलेला असायचा, तो एका आठवड्यात वितळणीच्या पट्ट्यात येतो.

हिमनदीवर वितळण मोजायची पद्धत साधी आहे. बर्फात खोल भोक पाडून बांबू रोवायचा आणि किती उघडा पडला ते ठरावीक दिवसांनी मोजायचं. उघड्या, दगडगोटे नसलेल्या बर्फावर शून्याच्या वरचा प्रत्येक अंश दिवसभर टिकला तर साधारण ५ ते ८ मिलीमीटर पाण्याइतका बर्फ जातो. सरासरी पाच अंशांनी जास्त तापलेले दहा दिवस म्हणजे २५ ते ४० सेंटिमीटर पाणी, आणि तेही नेहमीच्या वितळणीच्या वर. अशा दिवसांत सकाळी बांबूच्या बुडाशी बर्फ खडबडीत आणि कोरडा असतो, दुपारी दोननंतर हात लावला तर बुडाभोवती पाण्याची वाटी झालेली असते आणि बर्फाखालून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. रात्री पारा शून्याखाली गेला तर हे पाणी पुन्हा गोठतं. लाटेच्या रात्री ते गोठत नाही. मला दुपारच्या उच्चांकापेक्षा या रात्रींची काळजी जास्त वाटते, कारण बर्फाने आणि गोठलेल्या मातीने धरून ठेवलेले खडक याच रात्रींमध्ये सुटतात.

आल्प्समध्ये मोजणी दाट आहे, म्हणून तिथला पुरावा जास्त स्वच्छ मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये २५ जुलै २०२२ च्या रात्री शून्य अंशाची पातळी ५,१८४ मीटरवर मोजली गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, ती ५,२९८ मीटरवर गेली. माँ ब्लाँ हे आल्प्सचं सर्वोच्च शिखर सुमारे ४,८०० मीटरचं आहे, म्हणजे अख्खं पर्वतराजीचं डोकं शून्याच्या वरच्या हवेत होतं. त्या दोन वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचं सुमारे दहा टक्के आकारमान गेलं. २०२२ मध्ये तिथेही घटनांचा क्रम आपल्यासारखाच होता: हिवाळ्यात बर्फ कमी, मग वसंतात सहारातून आलेली तांबूस धूळ बर्फावर, आणि मग लाट. नुसत्या लाटेने इतकं नुकसान झालं नसतं. ३ जुलै २०२२ ला इटलीतल्या मार्मोलाडावर हिमनदीचा मोठा तुकडा कोसळून ११ जण गेले, आदल्या दिवशी माथ्यावर सुमारे दहा अंश तापमान होतं. भरदुपारी, नेहमीच्या वाटेवरून चालणारे लोक होते ते.

त्याच वर्षी ७ मे ला पाकिस्तानातल्या हुंझा खोऱ्यात शिस्पर हिमनदीने अडवलेलं तळं फुटलं आणि काराकोरम महामार्गावरचा हसनाबादचा पूल वाहून गेला. हिमनदीने तिथे आधीच दरी अडवलेली होती, तळं आधीही फुटलेलं होतं. मार्च-एप्रिलच्या लाटेने ते वेगाने भरलं. पण प्रत्येक दुर्घटना उष्णतेच्या माथी मारायची घाई करू नये. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत जे झालं ते ऐन हिवाळ्यात, उंचावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा सुटून झालं. तिथे लाट नव्हती. दीर्घकाळच्या तापमानवाढीने कडे कमकुवत होतात हा वेगळा आणि सावकाश चालणारा विषय आहे.

डोंगरातल्या खोल दऱ्या हा आणखी एक धोका, थोडक्यात सांगतो. कॅनडातलं लिटन हे दोन नद्यांच्या संगमावरचं, डोंगरांनी वेढलेलं छोटं गाव. २९ जून २०२१ ला तिथे ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी गाव आगीत जळून गेलं. उतरणारी हवा तापत येते, दरीत साचते आणि दोन्ही बाजूंचे तापलेले कडे तिला आणखी तापवतात. हिमालयात सतलज, भागीरथी, अलकनंदा यांच्या खालच्या दऱ्यांमध्ये मे-जूनची दुपार अशीच असते. "हिल स्टेशनला चाललोय" म्हणणारा प्रवासी त्या दरीतूनच सहा-सात तास गाडीत बसून जातो.

स्थानिक लोकांवर काय परिणाम होतो हेही प्रश्नाचाच भाग आहे असं मी मानतो. डोंगरातली जुनी घरं जाड दगड-लाकडाची, मातीने लिंपलेली असायची. ती थंडीसाठी होती, पण उन्हातही चालून जायची. आता सिमेंट आणि पत्रा आला आहे. पत्र्याखालच्या खोलीत पंख्याचा हुकसुद्धा नसतो, कारण बांधताना कुणाच्या मनातच आलं नाही. शरीरालाही सवय नसते. हिमाचलमध्ये सफरचंदाच्या जुन्या 'डिलिशियस' जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे हजार-बाराशे तास लागतात. ते मिळेनासे झाले तशा बागा वर सरकल्या आणि खालच्या भागात डाळिंब, भाजीपाला आला. वर सरकायला जागा आहे तोवर सरकतील. गावांच्या पाण्याचं काय? उत्तराखंडातले नौले आणि धारे, म्हणजे झऱ्यांचं पाणी, मुरलेल्या बर्फावर आणि पावसावर चालतं. हिमालयातले निम्म्याच्या आसपास झरे आटत चालले आहेत असं नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं. लाटेच्या दिवसांत बायका घागरी घेऊन जितकं लांब चालतात, ते कोणत्याच तापमापकावर दिसत नाही.

आपल्या सह्याद्रीला यातलं किती लागू? बर्फाचा भाग अर्थातच नाही. कळसूबाईच १,६४६ मीटरचं. पण ओलाव्याचा भाग पूर्ण लागू होतो. काळा पाषाण आणि जांभ्याचे सडे मार्चपासून तापतात, कारवी वाळते, वणवे लागतात, आणि उघड्या कड्यावर दुपारी हवेचं तापमान ३६ असलं तरी पायाखालचा दगड त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. मार्च ते मे या काळात गडावर दुपारी अकरानंतर चढाई नको, हे मी प्रत्येक गटाला सांगतो.

आता तुमची जूनची सहल. रद्द करायचं कारण नाही, पण तीन-चार गोष्टी बघून ठरवा. एप्रिलच्या शेवटी काश्मीर-लडाखच्या हिवाळी बर्फाच्या बातम्या काढा. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे गेले असतील तर उन्हाळा लवकर आणि कडक असेल असं धरून चाला, सहल जूनच्या सुरुवातीला घ्या. निघायच्या आठवड्यात कमाल तापमानाइतकंच किमान तापमान बघा, आणि पर्वतीय अंदाजांमध्ये मिळणारी शून्य अंशाची पातळी बघा. सलग तीन-चार तापलेल्या दिवसांनंतर पावसाचा इशारा आला तर त्या दिवशी घाटरस्त्यावर गाडी काढू नका. सैल झालेल्या उतारावर पहिला जोरदार पाऊस दरडी आणतो. बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी ओलांडा, दुपारी तीन-चारनंतर त्यांचं पाणी वाढतं आणि सकाळी गुडघ्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी पार करता येत नाही.

लेहचं विमान पहाटेचं किंवा सकाळचं घ्या आणि परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस आईवडिलांना पूर्ण विश्रांती द्या. उंचीवर श्वासातून पाणी जास्त जातं, हवा कोरडी असल्याने घाम अंगावर दिसत नाही, आणि दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणून तहान लागली नाही तरी पाणी द्या, टोपी-गॉगल सोडू नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. लेहमध्ये डोकं दुखून मळमळ झाली तर "ऊन लागलं असेल" म्हणून सोडून देऊ नका. आधी उंचीचा त्रास समजून थांबवा, ऑक्सिजन तपासा आणि बरं वाटेपर्यंत आणखी वर नेऊ नका. खोली घेताना वरच्या मजल्यावरची, पत्र्याखालची घेऊ नका. समोरासमोर खिडक्या आहेत का आणि पंखा आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.